सायबानातली जागा

मला बसून करायचं काम हवं होतं. एवढंच. हिंगोलीच्या कापसाच्या ज्या जिनात मी मजुरीला होते, तिथं बसून करायचं काम एकाच ठिकाणी होतं. कापसाच्या गंजीपलीकडं, भिंतीला लागून पत्र्याचं सायबान उतरवलेलं होतं. त्याच्या सावलीत काही बाया मांडी घालून बसायच्या आणि कापसातली कवडी वेचायच्या. कवडी म्हणजे किडका, डागी, पिवळा पडलेला कापूस. तो चांगल्या कापसातून बाजूला काढायचा. मजुरी कमी, मान त्याहून कमी. पण बूड जमिनीला टेकलेलं असायचं आणि भिंतीला पाठ लावता यायची.

आम्ही बाकीच्या रेच्यांवर होतो. रेचा म्हणजे सरकी एकीकडं आणि रुई एकीकडं करणारं यंत्र. लांबलचक खोलीत दोन्ही बाजूंना रेच्यांच्या ओळी, खाली तळघरात एकच मोठा दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून वर पट्टे आलेले. एकेका रेच्यापुढं एकेक बाई फळीवर उभी. ओंजळीनं कापूस घ्यायचा, पसरून यंत्राच्या तोंडाला द्यायचा. सकाळचा भोंगा झाला की उभं राहायचं ते दुपारच्या सुट्टीपर्यंत, आणि सुट्टीनंतर दिवस मावळेपर्यंत. फळी सारखी थरथरायची. ती थरथर पायातून कंबरेत आणि कंबरेतून पोटात यायची. पोटात कुणी नव्हतं तोवर मला तिचं काही वाटलं नव्हतं.

निजामाचं राज्य जायच्या आधीची ही गोष्ट आहे. आम्ही त्या मुलखातले नव्हतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही नगरकडं, इंग्रजी हद्दीत. आमच्याकडं हिंगोलीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, नुसतं मोगलाई म्हणायचे. माझी शाळा तिसरीत सुटली, धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पुढं लग्न झालं. हे एका गुऱ्हाळाच्या इंजिनावर तेलपाणी करायला शिकले होते. कुणीतरी सांगितलं, हिंगोलीला कापसाची जिनं आहेत, इंजिनावर माणूस लागतो, राहायला खोलीसुद्धा देतात. म्हणून आलो.

खोली खरंच दिली. चार भिंती, वर पत्रा, पुढं चूल मांडण्यापुरती जागा. परक्या गावात, ओळख ना पाळख, अशा माणसांना त्यांनी खोली दिली, हे मी अजून विसरलेले नाही. पुढचं सगळं लिहिताना हे आधी लिहून ठेवते.

नगरला असताना मला एकदा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ते गेलं. तेव्हा मी जावेबरोबर विहिरीवरून पाणी ओढत होते. नंतर तीन वर्षं काही राहिलं नाही, आणि हिंगोलीत आल्यावर राहिलं. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडं पाचवा सरल्याशिवाय बोलत नाहीत. शिवाय सांगायचं कुणाला?

शेजारच्या रेच्यावर एक मावशी होती. सगळ्याच तिला मावशी म्हणायच्या. आखाडा बाळापूरकडची, कुणब्याची, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. तोंडानं फटकळ. मला ती नावानं कधी हाक मारायची नाही, ‘नगरवाली’ म्हणायची.

हंगाम उघडायच्या आधी जिन झाडून-पुसून काढायचं काम होतं. मी वाकले आणि उठताना भिंत धरली. मावशीनं ते पाहिलं.

“कितवा?” तिनं विचारलं.

मी खराटा उचलला.

“मी काय पोलीस हाय का? कितवा म्हनलं.”

“तिसरा सरला.”

“आन् हे तू मला पाय सुजल्यावर सांगून राह्यली?”

पाय सुजले होते हे खरं. तिनं मला त्याच दिवशी कयाधूच्या काठच्या वस्तीत एका दाईकडं नेलं. दाईनं माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. तिनं पहिल्याचं विचारलं. मी सांगितलं.

“मग बाई, बूड टेकून ऱ्हा,” ती म्हणाली. “दिसभर हुभी ऱ्हायलीस तर हेबी खाली येतंय. माझ्याकडं पाला-मुळी हाय, पर ती हुभ्या बाईला लागू पडत न्हाई.”

येताना वाटेत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. काम सोडलं तर? पण खोली जिनाची. नवराबायको दोघं कामाला असतील तर खोली, असं ठरलेलं होतं. माहेरी आई राहिली नव्हती, आणि सासरी गेले तर पुन्हा ती विहीर होतीच.

“सायबानात बसायचं,” मावशी म्हणाली, जणू मी मोठ्यानं बोलले होते. “मी बोलते मुकादमाशी. तू तोंड उघडू नगंस. तुला मागताच येत न्हाई. तू मागायला गेली तर उलटं कायतरी देऊन येशील.”

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याला राग येत नसे, त्याला भीती वाटे. शेठची, दिवाणजींची, पट्टा तुटण्याची, पावसाची. ह्या बाबतीत आम्ही दोघं एकाच जातीचे होतो. मावशीनं त्याला कोपऱ्यात घेतलं. मी खराटा घेऊन लांबून बघत होते. तो मान हलवत होता, म्हणजे होच म्हणत होता. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “बसा बाई. दिवाळीचा पाडवा होऊ द्या, मग बसा सायबानात. माझी कोन्ती हरकत न्हाई. वर एकदा कानावर घालतो.”

त्या ‘कानावर घालतो’नं सगळं फिरलं. आम्हाला दोघींनाही ते कळलं नाही, आणि त्यालाही कळलं नसावं.

त्या जिनाची एक रीत होती. दुसऱ्या जिनात नव्हती, ह्याच शेठच्या घराण्याची होती. हे लोक फार दूरच्या मुलखातून व्यापाराला आलेले. शेठच्या आईला सगळे माँजी म्हणत, आणि रीत माँजींनी लावलेली. दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा पहिला कापूस रेच्यात जायचा, तो पोटुशी बाईच्या हातानं. भरल्या पोटाच्या बाईनं पहिली ओंजळ दिली की गाड्या येत राहतात, गंजी भरत राहते, असं त्यांचं म्हणणं. आधीच्या वर्षी घरातली सून होती, त्याच्या आधी दिवाणजींची मुलगी. त्या वर्षी पाडवा जवळ आला आणि ना घरात कुणी, ना ओळखीत कुणी. माँजी काळजीत होत्या. आणि मुकादमानं नेमकं जाऊन सांगितलं की रेच्यावरची एक बाई पोटुशी आहे, तिला सायबानात बसवायचं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी शेठच्या वाड्यावरून मला बोलावणं आलं.

पाडव्याला माझी ओटी भरली. हिरवं लुगडं, खण, नारळ, गहू. माझ्या आयुष्यात तेवढं चांगलं लुगडं मला तोवर कुणी दिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. पहिल्या रेच्याला झेंडूचे हार, पाट मांडलेला, समया. माँजींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या ओंजळीत कापूस ठेवला. हे खालून तळघराच्या जिन्यात उभे राहून बघत होते, हातात तेलाची बुधली तशीच. इंजिन सुरू झालं, पट्टा फिरला, मी ओंजळ दिली. पलीकडून पांढरीशुभ्र रुई बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. आनंदानंच आलं. आपलं कुणी नसलेल्या गावात माझी ओटी भरली होती. हे पोर राहणार, असं मला त्या दिवशी वाटलं.

पाडवा झाला. दुसऱ्या सकाळी मी सरळ सायबानाकडं निघाले. मुकादम धावत आला.

“बाई, तिकडं नगा. तुमाला पहिल्या रेच्यावर सांगितलंय.”

“पण तुम्ही म्हणला होता—”

“मी म्हनलो व्हतो. पर माँजी म्हनतेत, ज्या हातानं सुरुवात झाली तो हात हंगामभर तिथंच पायजे.” तो इकडंतिकडं बघत म्हणाला, “मान दिला तुमाला. पहिला रेचा म्हंजी काय साधी गोष्ट हाय का?”

पहिला रेचा दारापाशी होता. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडायची. तिथं विधवा बाईला उभं करत नसत, मावशीसारख्या हाताला पक्क्या बाईलाही नाही. मला उभं केलं, म्हणजे मान खराच होता. फक्त तो उभ्यानं घ्यायचा होता.

त्या वर्षी कापूस खूप आला, हे माझं नशीब. चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. आखाडा बाळापूर, डोंगरकडा, वारंगा, सगळीकडून गाड्या. जिनाच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलं सोडलेली असायची. गंजी पत्र्याच्या वर गेली. शेठ दारातून आत यायचे, माझ्याकडं बघून हात जोडल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, “हाताला यश आहे बाईच्या.” गंजी जितकी वाढत होती, तितकं सायबान माझ्यापासून लांब चाललं होतं. आधी रेच्यावरून मला ते दिसायचं. मग मधे कापूसच कापूस.

माँजींनी माझ्यासाठी दूध सुरू केलं होतं. रोज सकाळी वाड्यावरचा गडी पितळी पेला घेऊन यायचा, वर झाकण. मी एका हातानं कापूस देत दुसऱ्या हातानं पेला तोंडाला लावायचे, कारण पट्टा थांबत नसे. ओळीतल्या बाया वाटच बघत असायच्या.

“आलं गं, राणीसाहेबांचं दूध आलं.”

“मलई हाय का वर?”

“मलई वाड्यावर ऱ्हायली. दूध हिच्या पोटात, आन् धुळा आपल्या.”

“काहून जळता गं? तुमीबी व्हा की पोटुशी.”

“कोनाकून होऊ, मुकादमाकून?”

सगळी ओळ हसायची, मुकादम कानकोंडा होऊन गंजीमागं जायचा. मीही हसायचे. मी हसताना पोट आखडायचं, मग मी हसणं सोडून दिलं.

ह्यांना माझ्यासाठी काही करावंसं वाटे. ते बोलून दाखवणारे नव्हते. एका रविवारी त्यांनी फुटक्या खोक्याच्या फळ्या आणल्या आणि उंच स्टूल केलं, बरोबर रेच्याच्या तोंडापर्यंत माझा हात पोहोचेल असं. दोनदा मला उभं करून बसवून मापलं, पाय ठोकले, कडा घासून घेतल्या, लुगडं अडकायला नको म्हणून. मी त्या स्टुलावर बसून कापूस दिला. काम तितकंच होत होतं. कुणाचं काही अडत नव्हतं. पायाला मुंग्या आल्या, त्या रक्त उतरल्याच्या होत्या, चांगल्या होत्या.

शेठनी ते पाहिलं. रागावले नाहीत. मुकादमाला जवळ बोलावून म्हणाले, “आज हिला दिलं, उद्या सगळ्या मागतील. सगळ्यांना द्यायचं का? आणि फळी हलते, पट्टा शेजारी, पोटुशी बाई तोल जाऊन पडली तर पाप कुणाला?”

त्यांचं चूक होतं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही. फळी हलत होतीच. स्टूल उचलून नेलं. नंतर ते काट्यावर दिसलं. कापसाच्या गाड्या तोलायच्या जागी दिवाणजी त्याच्यावर बसायचे. उंची त्यांना अगदी नेमकी झाली होती. ते स्टूल दिसलं की मी दुसरीकडं बघायचे. ह्यांना मात्र काट्यावरूनच जावं लागायचं.

पाय आता संध्याकाळी खोलीपर्यंत नेत नव्हते. वहाणा चढत नव्हत्या. पूस महिन्यात मावशी म्हणाली, “चल. आता थेट माँजीकडं. बाई हाय, लेकरं झालेली हायती. तिला कळंल.”

माँजी ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या होत्या. मला बघून चेहरा खरंच उजळला.

“ये बेटा. दूध येतं ना?”

“येतं, माँजी.”

“घट्ट असतं ना? तो गडी पाणी तर नाही घालत?”

“नाही. घट्ट असतं.”

घट्ट दुधाच्या मागून कसं मागायचं? मावशीनं मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच बोलली. “माँजी, पोरीचे पाय बगा. पहिलं राह्यलं न्हाई हिचं. दाई म्हनती बसायला पायजे. तेवढं लेकरू होईस्तोर हिला कवडीवर बसवा. मजुरी कमी द्या. फुडल्या साली पुन्हा हुभी ऱ्हाईल.”

अडकित्ता थांबला.

“कवडीवर?” माँजी म्हणाल्या. त्यांना राग नव्हता, धक्का बसला होता. “भरल्या ओटीच्या बाईला मी डागी कापसात बसवू? त्या बायांमध्ये? तिथं कुणाला नवरा नाही, कुणाचं लेकरू राहिलेलं नाही. कुणाची नजर कशी असते, सांगता येतं का? नाही बेटा. हे मी तुझ्या भल्याचं सांगते. तू आमची लक्ष्मी आहेस. तू आता हात काढलास तर हंगामाचं काय? आणि तुझं काय?”

मावशी माझ्या शेजारीच उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. माँजींना ते दिसलं नाही, किंवा दिसून लक्षात आलं नाही.

माँजी उठून आत गेल्या आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. “रात्री पायांना लाव. नवऱ्याला सांग चोळून दे म्हणून. लाजू नको.” त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. हात मऊ होता. मी वाकून त्यांच्या पाया पडले. पाया पडताना मनापासून पडले, हे सांगायला हवं. माझ्या पोटावरून त्या गावात दुसरं कोण हात फिरवणार होतं?

बाहेर आल्यावर मावशी तरातरा चालत सुटली. मग फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, “तेल देल्लं.”

“हो.”

“पाय मागाया गेलो, तेल देल्लं.” ती हसायला लागली. “आन् मी तिथं पाच हाताची बाई हुभी, तर मी दिसलेच न्हाई बग तिला. दिसले असते तर तुला नजर लागली असती. बरं झालं न्हाई दिसले.”

त्यानंतर मी कुणाकडं मागितलं नाही. मागण्यात काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदा मागितलं म्हणून त्यांना माझं पोट कळलं, दुसऱ्यांदा मागितलं म्हणून मला त्यांची नजरेची भीती कळली. हे एकदा म्हणाले, “नगरला जाऊ.” मी विचारलं, “तिथं कुठं?” त्यांनी तेलाची बाटली जवळ ओढली. ते रोज पायांना तेल चोळायचे. त्यांच्या हाताला इंजिनाच्या तेलाचा वास आणि त्यात तिळाचा. तो मिसळलेला वास मला अजून कुठं आला तर मी तिथून उठते.

ओळीतल्या बायांनी आपल्या परीनं केलं. माझ्या शेजारच्या रेच्यावरच्या बाईशी मावशीनं जागा बदलून घेतली होती. मुकादम गंजीमागं गेला की ती आपल्या रेच्यावरून हात लांबवून माझ्याही रेच्याला कापूस द्यायची, मी तेवढ्यात उकिडवी बसून घ्यायचे. दोन रेचे एकटीनं सांभाळणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. मुकादम येताना मुद्दाम खोकायचा. आधी तो खोकत नसे.

माघात, सातवा लागून थोडेच दिवस झाले होते. दूध नुकतंच आलं होतं. मला पायावरून काहीतरी गरम उतरल्यासारखं वाटलं. वाटलं, पेल्यातलं दूध सांडलं. खाली बघितलं तर दूध नव्हतं.

मी ओरडले नाही. मला वाटलं, पट्टा चालू आहे, ओरडले तर सगळे दचकतील आणि कुणाचा हात जाईल. मी मावशीकडं नुसतं बघितलं. तिनं हातातला कापूस टाकला आणि फळीवरून उडी मारली.

मावशी आणि ओळीतल्या बाया मला उचलून सायबानात घेऊन गेल्या. जवळ दुसरी सावली नव्हती. कवडी वेचणाऱ्या बायांनी सुपं बाजूला सारली, आपल्या अंगावरचे पदर काढून आडोसा धरला. एका म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. ती कोण, कुठली, मला तोवर माहीत नव्हतं, आम्ही कधी बोललोही नव्हतो. ती सारखी म्हणत होती, “व्हतंय बाई, व्हतंय, सोड अंग.” माझ्याखाली तो डागी कापूस होता. मऊ होता. रेच्यांचा आवाज चालूच होता आणि जमीन मात्र अजिबात हलत नव्हती. मला तेवढं आठवतं, की जमीन हलत नाही म्हणून मला बरं वाटलं.

मुलगी होती. रडली नाही. दाई आली तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ह्यांनी तिला कयाधूच्या काठी नेलं. बरोबर मुकादम गेला, कुणी न सांगता गेला. परत येऊन ह्यांनी हातपाय धुतले आणि पुन्हा इंजिनावर गेले, कारण इंजिनाला दुसरा माणूस नव्हता.

माँजी आमच्या खोलीत आल्या. वाड्यावरचं कुणी त्या खोल्यांकडं कधी आलेलं नव्हतं. त्या जमिनीवर बसल्या आणि रडल्या. तोंडदेखल्या नाही. त्यांची स्वतःची दोन लेकरं लहानपणीच गेली होती आणि त्यांना पुरलेली जागा इथून गाडीनं कित्येक दिवसांच्या वाटेवर होती. ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. “कुणाची तरी नजर लागली,” त्या म्हणाल्या. “मी किती जपलं तुला.” मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्यांनी खोली काढून घेतली नाही, ह्यांचं काम ठेवलं, मी पडून होते तोवर घरी दूधही पाठवलं.

मी पुन्हा कामावर गेले. पहिल्या रेच्यावर दुसरी बाई उभी होती, तीन मुलांची आई. रेच्याला हळदीकुंकू लावलेलं दिसत होतं. मुकादम माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बघत होता जमिनीकडं.

“तुमी आता सायबानात बसा,” तो म्हणाला. “वरून सांगितलंय. रेच्याला आता तुमचा हात नगं म्हनतेत.”

“उपकार झाले,” मी म्हणाले.

मावशी रेच्यावरून ओरडली, “कशाचे गं?”

मी सायबानात जाऊन बसले. म्हातारीनं सूप सरकवलं, थोडी हलली आणि भिंतीकडची जागा मला दिली. पाठ टेकली. सूज तर बाळंतपणानंतर उतरूनच गेली होती. पाय माझे अगदी चांगले झाले होते, कितीही वेळ उभी राहू शकले असते.

त्या बाया चांगल्या होत्या. तिथं बसल्यावर मला कळलं, की त्यांच्यातल्या पुष्कळजणी आधी रेच्यावरच होत्या. का उतरल्या, ते कुणी कुणाला विचारत नसे.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला डोंगरकड्याची एक पोर रेच्यावर लागली. कोवळी, गालावर गोंदलेली. पाडव्याला थोडे दिवस राहिले असताना दुपारच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि माझ्या सुपातली कवडी उगाच निवडायला लागली. मी तिच्या पायांकडं बघितलं.

“कितवा?” मी विचारलं.

ती घाबरली. मग म्हणाली, “चौथा. मावशी म्हनली तुमाला इचार. मुकादमाला सांगून मला इथं बसाया मिळंल का? तुमचं ऐकतो म्हनं त्यो.”

“मावशी असं म्हणाली?”

“मावशी म्हनली, नगरवालीला इचार काय करावं. बसाया मिळंल, हे मीच म्हनून ऱ्हायले.”

मी सूप खाली ठेवलं. तिच्या जवळ सरकून बसले.

“कुणाला सांगू नको,” मी म्हणाले. “मुकादमाला तर नाहीच. पाडवा होऊन जाऊ दे. लुगडं ढिलं नेस. ओकारी आली तर तंबाखू लागली म्हण.”

“पर मंग मला हुभंच ऱ्हावं लागंल की.”

“हो.”

“मंग काय फायदा?”

मी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पाडव्यानंतर ती कळली असती तरी डागी कापसात भरल्या ओटीची बाई त्यांनी बसवली नसती. तरी दारातल्या त्या रेच्यापेक्षा मागच्या ओळीतला रेचा बरा, मावशी आता पुन्हा तिथंच होती, तिचा हात पोहोचतो आणि कुणी यश मोजायला येत नाही. एवढंच माझ्याजवळ देण्यासारखं होतं. ती तोंड बारीक करून निघून गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी माँजी जिनात आल्या. सायबानापाशी थांबल्या. आत आल्या नाहीत, उन्हातच उभ्या राहिल्या.

“बेटा, कशी आहेस?”

“बरी आहे, माँजी.”

“कुणी आहे का ग तुमच्यात? उद्या पाडवा. मला कुणी सापडेना.” त्यांचा चेहरा खरंच काळजीनं उतरला होता. “तुम्हा बायकांना कळतं एकमेकींचं.”

म्हातारीनं मान खाली घातली. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि हात भरभर चालवले.

“कुणी नाही, माँजी,” मी म्हणाले.

त्या वर्षी पहिली ओंजळ तीन मुलांच्या आईनंच दिली. हंगाम बरा गेला, फार चांगला नाही, फार वाईट नाही.

डोंगरकड्याची पोर मागच्या ओळीत उभी राहत होती. दुपारचा भोंगा झाला की ती धावत सायबानात यायची आणि माझ्यामागं, भिंतीच्या कडेला, कवडीच्या ढिगावर आडवी व्हायची. मी तिच्यापुढं पदर पसरून बसायचे आणि वेचत राहायचे. भाकरी ती झोपूनच खायची. पायाखाली मी भरलेलं पोतं ठेवायचे. मुकादम एकदा त्या बाजूनं आला. त्यानं पदराआडून बाहेर आलेले ते पाय बघितले, सुजलेले. उभा राहिला. मग खोकला आणि आला तसा परत फिरला.

माघ लागला तेव्हाही ती उभीच होती. तिचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. माघ सरायच्या आत तिचा नवरा तिला गाडीत घालून डोंगरकड्याला घेऊन गेला, आणि आमचंही त्याच उन्हाळ्यात हिंगोली सुटलं. ती गेली त्याच्या आदल्या दुपारीही ती नेहमीसारखी माझ्यामागं झोपली होती. तोंड उघडं, हात पोटावर. सुट्टी सरल्याचा भोंगा झाला. मी तिच्या खांद्याला हात लावला.

“ऊठ बाई,” मी म्हणाले. “पट्टा सुरू झाला.”

ती उठली, केसातला कापूस झटकला आणि रेच्याकडं गेली.